घराची कडी आणि हातातील यंत्र

(मंडळाच्या खोडाळा येथील वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविले. ह्या प्रसंगी दरवर्षी कोणी विद्वान वक्ते येतात आणि शिक्षण, हुंडा, व्यसन अशा विषयांवर आपणांस हिताच्या गोष्टी सांगतात. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि मोखाडा व जव्हार ह्या दोन तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, एवढीच माझी पुंजी. तेव्हा मी आज जो विषय आपणांपुढे मांडणार आहे तो अगदी घरगुती आहे. त्यात माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती चूक चारचौघांत कबूल केल्यावाचून माझ्या मनास स्वस्थता लाभणार नाही, म्हणूनही हा विषय मी घेतला आहे.

विषय असा. आपणां प्रत्येकाच्या हातात आज जे यंत्र आले आहे, ज्याला आपण मोबाइल म्हणतो, त्या यंत्राच्या वाटेने आपल्या घरची माहिती बाहेर किती जाते, ती कोणाच्या संमतीने जाते, आणि ती जाऊ देण्याचा अधिकार मुळात कोणाचा आहे?

प्रारंभी शाळेतील एक गोष्ट सांगतो. शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाड वही असते. तिच्यात प्रत्येक मुलाचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मस्थळ व शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. मी नोकरीस लागलो तेव्हा माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांनी ती वही मला कपाटातून काढून दाखविली, आणि पुन्हा कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या कनवटीस लावली. ते म्हणाले, "गुरुजी, ही वही शाळेची नाही, पोरांची आहे. आपण नुसते राखणदार." ती शिकवण मी पुढे जन्मभर पाळली. कोणी प्रतिष्ठित गृहस्थ आले आणि अमक्याच्या मुलाची जन्मतारीख सांगा म्हणाले, तरी लेखी अर्जावाचून व अधिकारावाचून ती वही उघडली गेली नाही. पुढे 2015 साली महाराष्ट्रात 'सरल' ही प्रणाली आली आणि तीच माहिती संगणकावर भरण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आले. आमच्याकडे दिवसा जाळे मिळत नसे, म्हणून रात्री उशिरापर्यंत जागून आम्ही ती भरीत असू. त्या कामातसुद्धा परवलीचा शब्द कोणाला सांगावयाचा नाही हा नियम आम्ही कसोशीने पाळला.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, ज्या माणसाने शाळेत चाळीस मुलांची माहिती कुलपात ठेवली, त्याच माणसाने निवृत्तीनंतर आपल्याच ज्ञातीतील मुलामुलींची माहिती उघड्यावर मांडली. तो माणूस मी.

आपल्या स्मरणिकेच्या अखेरीस विवाहेच्छुक मुलामुलींची सूची छापण्याची प्रथा जुनी आहे. आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. कोणी खोडाळ्यात, कोणी जव्हार-मोखाड्यात, कोणी विक्रमगड, वाडा, कसारा, इगतपुरी, नाशिक येथे, तर कोणी मुंबईच्या उपनगरांत. एकमेकांची ओळख राहावी आणि सोयरिकी जुळाव्यात म्हणून ही सूची फार उपयोगी पडली आहे. ह्या सभामंडपात बसलेली कित्येक जोडपी तिच्यामुळेच एकत्र आली. पूर्वी स्मरणिकेच्या मोजक्या प्रती निघत, त्या घरोघर जात आणि वर्षभर चाळल्यावर फळीवर पडून राहत. सूची तयार करण्याचे काम निवृत्तीनंतर मंडळाने माझ्याकडे दिले आणि मी ते शिक्षकी शिस्तीने केले. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, मासिक प्राप्ती, वडिलांचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि छायाचित्र. एकही रकाना रिकामा राहू नये ह्याचा मला अभिमान वाटे.

दोन वर्षांपूर्वी एका उत्साही तरुणाने त्या पानांची छायाचित्रे काढून व्हॉट्सअ‍ॅपवरील आपल्या गटात पाठविली. हेतू चांगलाच होता. दूरच्या बांधवांना स्मरणिका वेळेवर मिळत नाही, त्यांना पाहता यावी. मीही त्याला शाबासकी दिली. त्या गटातून ती पाने दुसऱ्या गटात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आणि आठवड्याभरात ती कोठे कोठे पोहोचली हे सांगणारा कोणी उरला नाही.

पुढे काय झाले ते ऐका. आपल्यातील एक मुलगी नाशिकास परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिला रात्री-अपरात्री परक्या माणसांचे फोन येऊ लागले. कोणी छायाचित्राविषयी बोले, कोणी नुसता हसे. ती रात्रपाळीस एकटी जाण्यास धजेना. अशातच एके दिवशी तिच्या आईस फोन आला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीने बोलत होता. आपण विवाह जुळविणाऱ्या संस्थेतून बोलतो असे त्याने सांगितले. मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचे नाव, गाव, शिक्षण सारे त्यास तोंडपाठ. एवढे सगळे ज्याला ठाऊक तो आपलाच कोणी ओळखीचा असणार, असे त्या माउलीस वाटले, आणि नोंदणीसाठी म्हणून मागितलेले साडेचार हजार रुपये तिने पाठविले. मग तो फोन कायमचा बंद झाला. त्याला ती माहिती कोठून मिळाली होती हे मी आपणांस सांगावयास नको. ती माझ्या हातच्या सुवाच्य अक्षरांत लिहून छापखान्यात गेली होती.

बाजाराच्या दिवशी त्या मुलीचे वडील माझ्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणी घेतले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही माझ्याकडे नंबर मागितलात, मी दिला. पोरीला आपण दोघांनीही विचारले नाही."

बंधुभगिनींनो, ह्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे ह्या एका वाक्यात आहे. माहिती ज्याची, संमती त्याची असली पाहिजे. बाप झाला, नवरा झाला, मंडळ झाले किंवा गुरुजी झाले, तरी दुसऱ्याच्या माहितीचे आपण राखणदार आहोत, मालक नाही.

आता ह्या विषयावर आपल्या घरांतून व ओट्यांवरून जी मते ऐकू येतात त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिले मत असे की, "आपल्याकडे लपविण्यासारखे आहे काय? चोरी केली नाही, कोणाचे देणे बुडविले नाही. मग भीती कशाची?" हे मत प्रामाणिक माणसाचे आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आपण घराचे दार रात्री लावतो ते आत काही पाप चालते म्हणून नव्हे. स्नानघरास कडी असते, आजाऱ्याची विचारपूस हलक्या आवाजात होते, सुनेच्या माहेरची अडचण ओसरीवर बोलली जात नाही. आपल्या जुन्या सुभाषितकारांनी नऊ गोष्टी जपून ठेवाव्यात असे सांगितले आहे. वय, धन, घरातील उणे, औषध, दान आणि झालेला अपमान ह्यांची त्यात गणना आहे. ह्यांतील एकही गोष्ट गुन्ह्याची नाही. तरीही त्या जपावयाच्या, कारण परक्याच्या हाती पडल्या की त्यांचे हत्यार होते. आता आपल्या मोबाइलकडे पाहा. वय त्यात आहे, बँकेतील शिल्लक त्यात आहे, डॉक्टरांची चिठ्ठी त्यात आहे, भावाभावांचे भांडण त्यात आहे. पूर्वी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत. आज ती मूठ आपण आपल्या हातांनी उघडतो आणि तीही फुकट!

दुसरे मत असे की, "सरकारला आणि कंपन्यांना सगळे ठाऊकच आहे, आता लपवून काय उपयोग?" ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी, 2010 सालच्या 29 सप्टेंबर रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्यानंतर बारा आकड्यांचा तो क्रमांक आपल्या रेशनपासून बँकेपर्यंत सर्वत्र आला. त्याने सोय झाली हे मी नाकारीत नाही. परंतु त्याच आधारासंबंधी 2012 साली एका वृद्ध गृहस्थांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. वयाची 85 वर्षे उलटलेली. 1954 व 1962 सालच्या जुन्या निवाड्यांत खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नव्हे असे म्हटले गेले होते. पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जात हा प्रश्न पुन्हा निघाला, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे 2018 सालच्या सप्टेंबरात आधाराची योजना न्यायालयाने कायम ठेवली, परंतु खाजगी कंपन्यांना आधाराचा वापर करू देणारा कलमातील भाग रद्द केला. पंच्याऐंशी वर्षे उलटलेला वृद्ध "आता काय उपयोग" म्हणून स्वस्थ बसला नाही. मग आपण साठीतच हात का टेकावेत?

तिसरे मत तरुणांचे आहे. ते म्हणतात, "अ‍ॅप फुकट मिळते, मग घेण्यात तोटा कोणता?" सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय करावे ह्याच्या आज्ञांची वही. ती वही लिहिणाऱ्यालाही पोट आहे. तो पैसे मागत नसेल तर त्याचे पोट कशावर भरते, हे आपण विचारले पाहिजे. एक उदाहरण सांगतो. आपल्या भागात पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे मोबाइलमधील बॅटरीचे महत्त्व आपणांस सांगावयास नको. अशाच बॅटरीचे एक फुकट अ‍ॅप अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते अ‍ॅप उजेड तर देई, पण वापरणारा कोठे उभा आहे ही माहिती गुपचूप जाहिरातवाल्यांनाही देई. 2013 सालच्या डिसेंबरात तेथील व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली. उजेड पाडावयास आपला ठावठिकाणा कशाला हवा? आपण एवढा साधा प्रश्न विचारला तरी पुष्कळ होईल. नवे अ‍ॅप घेताना ते संपर्कांची यादी, छायाचित्रे, ध्वनी आणि ठावठिकाणा ह्यांची परवानगी मागते. ज्या कामासाठी घेतले त्या कामास जी लागत नाही ती परवानगी नाकारावी. नाकारल्याने बहुधा काम अडत नाही.

अर्थात फुकट ते सारे वाईट असेही समजू नये. काही सज्जनांनी आज्ञांच्या वह्या मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यास आरंभ केला. ह्या वह्या कोणीही जाणकाराने तपासाव्या, दुरुस्त कराव्या आणि दुसऱ्यास द्याव्या, असा त्यांचा दंडक आहे. तरुणांनी ह्याची माहिती करून घ्यावी असे मी सुचवितो.

चौथे मत असे की, "माझे मी पाहून घेईन; माझ्या मोबाइलने दुसऱ्याचे काय बिघडते?" हे मत सर्वांत घातक आहे. फेसबुक कंपनीने 2018 सालच्या एप्रिलात स्वतः दिलेला हिशेब ऐका. एका प्रश्नोत्तरांच्या अ‍ॅपमधून लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका ह्या कंपनीकडे गेली होती. भारतात ते अ‍ॅप घेणारे होते अवघे 335 लोक. परंतु त्यांच्या मित्रयादीत असलेल्या ज्या लोकांची माहिती त्यामुळे गेली असण्याचा संभव होता, त्यांची संख्या 5 लाख 62 हजारांवर होती. ह्या लाखो लोकांनी ते अ‍ॅप पाहिलेही नव्हते. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. नाशिकच्या त्या मुलीला मी विचारले नव्हते, तसेच हे. आपण संपर्कांच्या यादीची परवानगी एका ठोक्यात देतो तेव्हा त्या यादीत आपली विधवा बहीण असते, शाळेतील शिक्षिका असते, दवाखान्यातील ताई असते. त्या सर्वांच्या वतीने आपण होकार देऊन मोकळे होतो.

व्हॉट्सअ‍ॅपविषयीही दोन शब्द. आपण पाठविलेला मजकूर वाटेत कोणास वाचता येऊ नये अशी व्यवस्था त्यात 2016 सालापासून आहे, हे खरे. पण कोण कोणाशी केव्हा बोलला हे कंपनीला कळू शकते. 2021 साली त्या कंपनीने माहितीविषयीच्या आपल्या अटी बदलल्या, आणि त्या प्रकरणी 2024 सालच्या नोव्हेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाने तिच्या मालक कंपनीस 213 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. तथापि आपल्या सूचीच्या बाबतीत दोष कंपनीचा नव्हता. गोष्ट षट्कर्णी झाली की तिचा ताबा उरत नाही, हे आपणांस पूर्वीपासून ठाऊक होते. येथे तर ती शेकडो कानांवर आपणच घातली.

पाचवे आणि शेवटचे मत माझ्या वयाच्या मंडळींचे. "हे यंत्रच घरातून घालवून द्यावे." मीही रागाच्या भरात हे बोललो होतो. परंतु 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा माझी नात ज्या टेकडीवर जाळे मिळे तेथे बसून ह्याच यंत्रावर धडे ऐकत होती. मध्यरात्री बाळंतिणीस न्यावयाचे झाले तर गाडीवाल्यास ह्याच यंत्रावरून हाक घालतो. चूल पेटली म्हणून घराला आग लागेल, अशा भीतीने कोणी चूल विझवीत नाही. तिच्याजवळ लहान मूल एकटे जाऊ नये एवढे पाहतो. तीच गोष्ट येथे लागू आहे.

मग घरात सवयी कोणत्या असाव्यात? मी थोड्याच सांगतो, कारण पुष्कळ सांगितल्या तर एकही पाळली जाणार नाही.

पहिली सवय अंगठ्याची. आपल्या भागात बँक दूर, म्हणून पुष्कळ स्त्रीपुरुष बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात. अंगठा लावण्यापूर्वी रक्कम विचारावी आणि पावती घेतल्यावाचून उठू नये. "अंगठा लागला नाही, पुन्हा लावा" असे सांगितले तर आधीच्या वेळचा कागद दाखवा म्हणावे. अंगठा नेहमी लागत नसेल तर आधार प्राधिकरणाच्या सोयीने तो कुलूपबंद करून ठेवता येतो, आणि गरज पडेल तेव्हा उघडता येतो. तसेच आधाराची प्रत देण्याचा प्रसंग आला तर केवळ शेवटचे चार आकडे दिसतील अशी प्रतही मिळते. जेथे चालेल तेथे तीच द्यावी.

दुसरी सवय ओटीपीची. फोनवर येणारा हा आकडा म्हणजे तिजोरीची किल्ली. सरकारी योजनेचे नाव सांगून, हप्ता अडकला म्हणून, किंवा मुलाला अपघात झाला म्हणून कोणी फोनवर तो मागितला तर देऊ नये. खरा अधिकारी तो कधीही मागत नाही.

तिसरी सवय सोंग ओळखण्याची. आपल्याकडे मोखाड्या-जव्हाराकडील बोहाडा सर्वांनी पाहिला आहे. मुखवटा देवाचा असो की राक्षसाचा, आत कोणाचा मुलगा नाचतो हे चालीवरून पोरे ओळखतात. मोबाइलमधील सोंग असे ओळखू येत नाही. पोलिसाचा गणवेश घालून, मागे कचेरीचा देखावा उभा करून कोणी चित्रफोनवर दरडावतो, "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, कोणाला सांगू नका." असा प्रकार कायद्यात कोठेही नाही. स्वतः पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 रोजी आकाशवाणीवरून देशाला हे सांगितले. "कोणाला सांगू नका" हे शब्द ऐकू येताच प्रथम घरातल्या माणसाला हाक मारावी. एवढे केले तरी निम्मे सोंग गळून पडते.

चौथी सवय कबुलीची. फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नये. 1930 ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी तक्रार गेली तर ते अडविता येण्याचा संभव असतो. त्या माउलीने नवऱ्याच्या भीतीने पाच दिवस कोणास सांगितले नाही, आणि ती संधी गेली. म्हणून घरातील कर्त्या पुरुषांना माझी हात जोडून विनंती आहे. फसलेल्या माणसावर ओरडू नका. आज ओरडलात तर उद्या तुमच्यापासून लपविले जाईल, आणि फसविणाऱ्यास नेमके तेच हवे असते.

पाचवी सवय विचारण्याची, आणि माझ्या मते हिच्यातच बाकीच्या चारही येतात. दुसऱ्याचे छायाचित्र, क्रमांक, जन्मतारीख, आजार किंवा अडचण पुढे पाठविण्यापूर्वी त्याला विचारावे. बारशाच्या पाळण्यातील मूल बोलू शकत नाही म्हणून त्याच्या वतीने आपण अधिकच जपावे. घरास कुलूप लावून पंढरीस गेलो तर तेथील छायाचित्रे परत आल्यावर दाखवावीत. घर रिकामे असल्याची दवंडी आपणच पिटू नये.

आता मूळ सूचीकडे येतो. आज मंडळापुढे असा एक प्रस्ताव आहे की, स्मरणिकेतील सूची आता संपूर्ण स्वरूपात मोबाइलवर सर्वांस उपलब्ध करावी. प्रस्ताव आणणाऱ्या तरुणांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. छपाईचा खर्च वाचेल आणि स्थळे लवकर कळतील हे त्यांचे म्हणणे खरे आहे. सूचीच बंद करावी असे काही वडीलधाऱ्यांचे मत आहे. तेही मला पटत नाही. सूची बंद झाली तर दूर आडगावी राहणाऱ्या गरीब बापाने स्थळ कोठे शोधावे? म्हणून मी मधला मार्ग सुचवितो.

सूचीत केवळ अनुक्रमांक, जन्मवर्ष, शिक्षण, व्यवसाय आणि तालुका एवढेच असावे. नाव, पत्ता, दूरध्वनी व छायाचित्र मंडळाच्या दोन चिटणिसांकडे वहीत असावे, आणि त्या दोघांत एक स्त्री असावी. ज्याला स्थळ पसंत पडेल त्याने अनुक्रमांक कळवावा, चिटणिसांनी दुसऱ्या बाजूस विचारावे, आणि होकार आल्यावरच पुढील माहिती द्यावी. नोंदीच्या अर्जावर बापाची सही पुरेशी समजू नये. ज्या मुलाची किंवा मुलीची माहिती आहे त्याची वा तिची स्वतःची सही असावी. विवाह ठरला अथवा विचार बदलला, तर मागणी येताच नोंद काढून टाकावी. आणि मंडळ कोणत्याही नोंदणीसाठी फोनवरून पैसे मागत नाही, हे वाक्य सूचीच्या प्रत्येक पानावर ठळक छापावे.

कोणी म्हणेल की गुरुजींनी साध्या गोष्टीचा बाऊ केला. तर त्यांस सांगतो की देशाचा कायदाही आता ह्याच दिशेने चालला आहे. 2023 साली संसदेने नागरिकांच्या डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम केला आणि 2025 सालच्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. संमती स्पष्ट असावी, ती परत घेता यावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईबापांची संमती असावी, अशी त्याची तत्त्वे आहेत. घरगुती वापर त्यातून वगळला आहे. परंतु मंडळ म्हणजे कोणाचे एकट्याचे घर नव्हे. तथापि कायद्याच्या धाकाने आपण हे करावे असे मी म्हणत नाही. आपल्या लेकीबाळींनी आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढ्यासाठी करावे.

ती मुलगी आता परिचारिका झाली आहे. तिला आपला क्रमांक बदलावा लागला, आणि बँक, महाविद्यालय, रेशन अशा ठिकठिकाणी नवा क्रमांक नोंदविण्यासाठी तिच्या वडिलांचे चार दिवस मोडले. मी मागच्या महिन्यात तिची भेट घेऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "गुरुजी, क्षमा नको. पुढच्या वेळी आमच्या सह्या घ्या." ह्या व्याख्यानात तिच्याविषयी बोलावयाचे होते म्हणून तिची संमती ह्या वेळी मी आधी घेतली. नाव सांगू नये एवढीच तिने अट घातली, आणि ती मी पाळली आहे. आपणही ते नाव तर्काने शोधू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मी मांडलेला मधला मार्ग अध्यक्षमहाशयांनी सभेपुढे मतास घालावा, आणि मत देताना ज्यांची नावे त्या सूचीत यावयाची आहेत त्या मुलामुलींस प्रथम बोलू द्यावे, एवढे मागणे करून मी आपले भाषण पुरे करतो. बोलण्यात काही अधिकउणे झाले असल्यास आपण उदार अंतःकरणाने क्षमा करावी.